लांबच्या कामाचं गाडीभाडं

आपल्या सुरगाण्याच्या डोंगरात पाडे लांब लांब. रोजगार हमीचं काम दूर निघालं, की जीपचं भाडं मजुरीतूनच जातं. पण रोजगार हमीच्या कायद्यात त्याची सोय आहे. काम गावापासून 5 किलोमीटरच्या बाहेर असेल, तर जाण्यायेण्याच्या आणि राहण्याच्या खर्चापोटी 10 टक्के जादा मजुरी द्यायची. हिशेब भाड्यावर नाही, मजुरीवर. समजा रोज 300 रुपये, तर वर 30. सहा दिवसांचे 180. म्हणून काम सुरू होण्याआधीच आपण रोजगार सेवकांना अंतर विचारू, जादा मजुरीची मागणी लेखी देऊ, पोच घेऊ. पैसे जमा झाले, की हजेरीचे दिवस मोजून पासबुक तपासू. एकटीला विचारायला संकोच वाटतो, गटानं जाऊ.