बालकलाकारांनी तोलून धरलेलं दशक

सप्टेंबर २०२४मध्ये ‘नवरा माझा नवसाचा २’ आला आणि सचिन पिळगावकरच्या टिंगलीला पुन्हा ऊत आला. मीनाकुमारींनी उर्दू शिकवली, ‘शोले’च्या दुसऱ्या युनिटचं काम पाहिलं, या त्याने सांगितलेल्या आठवणींवर धडाधड मीम निघतात. मला ही टिंगल लागते. ‘अशी ही बनवाबनवी’ ज्यांना तोंडपाठ आहे, तेच त्याच्या दिग्दर्शकाला हसतात.

राजा परांजपेंच्या ‘हा माझा मार्ग एकला’पासूनचा बालकलाकार सचिनचा प्रवास सर्वांना ठाऊक आहे. ‘मझली दीदी’, ‘ब्रह्मचारी’, पुढे ‘गीत गाता चल’ आणि ‘अंखियों के झरोखों से’मधला सोज्वळ नायक. त्यावर भरपूर लिहून झालंय. मला थांबायचंय ते १९८२पाशी. वर्षाच्या सुरुवातीलाच ‘नदिया के पार’ आला आणि तुफान चालला. दुसरा कोणी पुढच्या हिंदी गावरान नायकाची वाट बघत बसला असता. सचिनने त्याच वर्षी मराठीत ‘माय बाप’ दिग्दर्शित केला. पंचविशीच्या उंबरठ्यावर, नायक म्हणून नाव असताना, कॅमेऱ्यामागे जाऊन उभं राहायला धमक लागते.

तिकडे ‘छोटा जवान’ आणि ‘राजा और रंक’मधला महेश कोठारे वकिली करून पुन्हा सिनेमात आला. १९८५मध्ये त्याने ‘धुमधडाका’ केला, पुढे ‘धडाकेबाज’मधून मराठीत सिनेमास्कोप आणला. सचिनचे ‘नवरी मिळे नवऱ्याला’, ‘गंमत जंमत’, ‘माझा पती करोडपती’, ‘आयत्या घरात घरोबा’ याच काळातले. घरात व्हिडिओ शिरला होता, हिंदीची स्पर्धा होतीच. अशा वेळी दोन माजी बालकलाकारांनी मराठी प्रेक्षक थिएटरात टिकवून धरला. आम्ही तेव्हा कॉलेजात होतो. तिकिटाच्या रांगेत आजीपासून नातवापर्यंत सगळं घर उभं असायचं.

समीक्षक मात्र नाकं मुरडत होते. पाचकळ, उचलेगिरी, हे शब्द तेव्हा स्वस्त होते. ‘बनवाबनवी’ची कल्पना ‘बीवी और मकान’वरून आली, हे खरंच. पण वसंत सबनीसांनी ती अस्सल मराठी बोलीत उतरवली आणि सचिनने ती अचूक बसवली. डोहाळजेवणाचा प्रसंग आठवा. साडी नेसून, दिवस गेल्याचं सोंग घेऊन बसलेला लक्ष्या म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे, त्याची जाऊ शोभावी अशी सुधा झालेला सचिन आणि हे सगळं निस्तरणारे अशोक सराफ. दिग्दर्शक स्वतः पडद्यावर असूनही हशा लक्ष्या आणि अशोक सराफ यांच्या पदरात टाकतो. चार वर्षांचा असल्यापासून टाळ्या मिळवणाऱ्या माणसाला हे जमलं, यातच त्याचं शहाणपण आहे.

‘बनवाबनवी’च्या चौकडीतले दोघे २००४मध्ये गेले. आधी सिद्धार्थ रे, तोही ‘चानी’मधला बालकलाकार, आणि वर्ष संपता संपता लक्ष्मीकांत बेर्डे. मराठीतली ती जोडगोळ्यांची मजा त्यांच्यामागे ओसरली. सचिन टिकला. ज्या उर्दूवरून त्याची थट्टा होते, तिचा लहेजा २०१५च्या ‘कट्यार काळजात घुसली’मधल्या खाँसाहेबांच्या तोंडी किती चपखल बसला, हे त्या सिनेमाला टाळ्या वाजवणाऱ्यांनी तरी आठवावं.

मला राग येतो तो बालकलाकारांशी होणाऱ्या आजच्या व्यवहाराचा. चॅनेलवाले दर हंगामात नवी गोंडस मुलं उभी करतात, त्यांना रडवतात, हसवतात, टीआरपी मिळाला की विसरतात. आवाज फुटला, उंची वाढली की मूल बाद. सेटवरच्या मोकळ्या वेळात त्याला संकलन दाखवावं, पटकथा समजावावी, कॅमेऱ्यामागच्या माणसाशेजारी बसवावं, हे कोणाला सुचत नाही. सचिन आणि महेश मोठेपणी उभे राहिले ते बालपणीच्या कौतुकावर नव्हे, हातात आलेल्या कसबावर. मुलांना पडद्यावर आणणाऱ्यांनी हे कसब त्यांना देण्याची जबाबदारीही उचललीच पाहिजे.