सतार, मींड आणि मनगट

काळी एकमध्ये लावलेल्या सतारीच्या बाजाच्या तारेवर सुमारे सहा किलोंचा ताण असतो. षड्जाच्या पडद्यावर ती दाबून आडवी खेचत पंचमापर्यंत नेली, की कंपनसंख्या दीडपट होते आणि ताण सव्वादोन पट, म्हणजे साडेतेरा किलोंच्या घरात जातो. पाच स्वरांची ही मींड डाव्या हाताची एक-दोन बोटेच काढतात असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात बोटे वाकवणारे मुख्य स्नायू बोटांत नसतातच. ते कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात असतात आणि दोरीसारख्या कंडरांनी बोटांना ओढतात. अशा नऊ कंडरा आणि त्यांच्या सोबतीने एक मज्जातंतू मनगटातल्या अरुंद बोगद्यातून तळहातात उतरतात. मनगट सरळ असले तर कंडरा विनासायास सरकतात. ते मुडपले की बोगद्यातला दाब वाढतो आणि कंडरा कडेवर घासू लागतात. मुडपलेल्या मनगटाने जोर लावणे, तोही तासन्‌तास, हे सतारियांच्या हातदुखीचे मुख्य कारण.

त्याची सुरुवात बऱ्याचदा हातात नव्हे, बैठकीत होते. उजवा पाय डाव्यावर टाकून तुंबा डाव्या तळपायाशी टेकवायचा आणि उजव्या हाताचे वजन तुंब्यावर सोडायचे, ही रूढ बैठक. सतार तोलण्याचे काम या उजव्या हाताच्या नुसत्या वजनाने व्हायला हवे. कसोटी सोपी आहे: डावा हात दांडीवरून पूर्ण काढून घ्यावा. सतार जागची हलली नाही तर बैठक ठीक. दांडी खाली येऊ लागली, तर तोवर डावा हात वाजवण्याबरोबर हमालीही करत होता असे समजावे. तुंबा घसरत असेल तर त्याखाली रबराचा किंवा खरखरीत कापडाचा तुकडा ठेवला तरी पुष्कळ फरक पडतो. तुंब्याची कड कोपराच्या आतल्या बाजूला रुतू देऊ नये. तिथून जाणारा मज्जातंतू दाबला गेला की करंगळी आणि अनामिकेला मुंग्या येतात.

उजव्या हाताचा अंगठा दांडीच्या कडेला टेकलेला असतो. तो टेकूच राहावा, त्याची पकड होऊ नये. ‘दा’ आणि ‘रा’ हे बोल तर्जनी आणि मनगटाच्या छोट्या हालचालीतून निघतात. झाल्यात लय चढली की नवखा वादक अंगठा आवळतो, खांदा वर घेतो आणि आघात मोठे करतो. लय वाढताना आघात लहान व्हायला हवा, होते नेमके उलटे. नखीचाही यात हात असतो. फार घट्ट नखीने बोटाचे टोक जांभळे पडते आणि सैल नखी फिरू नये म्हणून बोट सतत ताठ धरले जाते. वाजवताना न फिरणारी, पण वाजवून झाल्यावर झटका न देता निघणारी नखी योग्य. तिची तार हाताने दाबून किंवा फाकवून हे माप मिनिटभरात जमते. तरीही कित्येक विद्यार्थी दुकानातून आणलेली नखी वर्षभर तशीच सोसत राहतात.

डाव्या हाताचे खरे काम मींड. अंगठा दांडीमागे हलका असावा आणि बोटांबरोबर वर-खाली सरकत राहावा. तार पडद्याच्या अगदी मागे दाबली तर थोडक्या जोरात स्वच्छ स्वर येतो. दोन पडद्यांच्या मध्यावर दाबली तर तोच स्वर जास्त जोर मागतो. तार खेचताना बोटे आपला आकार धरून ठेवतात आणि ओढ कोपरातून, दंडातून येते. जवळून पाहिले तर जाणत्या वादकाच्या मोठ्या मींडेत कोपर किंचित हललेले दिसते, मनगट मात्र जवळजवळ सरळ रेषेत राहते. नवशिक्याचे कोपर जागेवर थिजलेले असते आणि मनगट आकड्यासारखे वळते. बोटांना लावलेले खोबरेल तेल तारेवरची ओढाताण कमी करते, म्हणून तेलात भिजवलेल्या कापसाची वाटी सतारीशेजारी असते.

वाद्य अडेल असेल तर यातले काहीच नीट साधत नाही. मिरजेच्या सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण मानांकनाची सतारसुद्धा हाताला बसवून घ्यावी लागते. तारा पडद्यांपासून फार उंच असतील तर प्रत्येक स्वराला जादा जोर लागतो आणि ही उंची घोडीवर काम करणारा कारागीरच नीट कमी करू शकतो. जुन्या पडद्यांवर तारेने खाचा पडलेल्या असतात. मींड काढताना तार त्यात अडते, मग झटक्याने सुटते आणि तो झटका थेट कंडरांना बसतो. पडदे घासून गुळगुळीत करून घेणे हा त्यावरचा इलाज, आणि स्वस्तही. तारेच्या जाडीचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. ०.३० मिलिमीटरऐवजी ०.२८ची तार चढवली तर त्याच स्वरात ताण सुमारे १३ टक्के कमी होतो. सतार अर्ध्या स्वराने उतरवली तर सुमारे ११ टक्के. आवाज थोडा बारीक होतो, ही त्याची किंमत.

रियाजाच्या बाबतीत धोका एकूण तासांपेक्षा अचानक वाढीत जास्त असतो. परीक्षा महिन्यावर आली की रोजच्या अर्ध्या तासाचे एकदम तीन तास होतात. चाळीस दिवसांच्या चिल्ल्याच्या कथा ऐकून पेटलेले विद्यार्थी हेच करतात. चिल्ल्याला बसणाऱ्याच्या हातामागे आधीची कित्येक वर्षे असतात, हे कथेत येत नाही. वाढ आठवड्या-आठवड्याने थोडी थोडी असावी आणि दर वीस-पंचवीस मिनिटांनी हात सतारीवरून खाली घ्यावेत. आलाप, जोड, झाला हा मैफलीतला क्रम हातासाठीही शहाणपणाचा आहे. पहाटेच्या गारठ्यात उठल्या उठल्या द्रुत पलट्यांना हात घालणारा तो क्रम मोडतो. दिवसभर कीबोर्ड आणि मोबाईल चालवणाऱ्याच्या त्याच कंडरा संध्याकाळी सतारीवर येतात, तेही हिशेबात धरावे.

दुखण्यादुखण्यात फरक असतो. सुरुवातीच्या आठवड्यांत बोटांची टोके सोलवटतात, घट्टे पडतात आणि ते दुखणे ओसरते. मनगटात किंवा कोपराकडे चढणारी कळ वेगळी. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे झुकवल्यावर अंगठ्याच्या मुळाशी कळ उठली, तर तिथल्या कंडरांच्या आवरणाला सूज असण्याची शक्यता असते. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट रात्री बधिर होत असेल, तर बोगद्यातला मज्जातंतू दाबला जात असावा. अशा वेळी मनगटाला पट्टा आवळून रियाज रेटणे सर्वांत वाईट. वादन थांबवून अस्थिरोगतज्ज्ञ किंवा हाताचे उपचार जाणणारा फिजिओथेरपिस्ट गाठावा.

त्यांच्या परवानगीने पुन्हा सुरुवात करताना सतार अर्ध्या स्वराने उतरवून घ्यावी आणि पहिले काही दिवस दहा मिनिटे फक्त उजव्या हाताचे बोल वाजवावेत. मग पडद्यांवरचे सरळ अलंकार. मींड सर्वांत शेवटी, आधी एका स्वराची. दुसऱ्या दिवशी सकाळी हात दुखला नाही तरच पुढच्या स्वराची.