मोटरसायकल धुवावी कशी : झोताने, बादलीने की नुसत्या फडक्याने?

'आरोग्य आणि अर्थ' या सदरात मोटरसायकल धुण्यावर लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. पण मुले कॉलेजला गेल्यावर आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या गराजमध्ये मोटारींच्या शेजारी एक मोटरसायकलही येऊन उभी राहिली आहे. उन्हाळ्यातल्या पिकनिकला ती घेऊन येणारे सभासद भेटले की गप्पांत हाच प्रश्न निघतो. एक म्हणतो, "प्रेशर वॉशरने दहा मिनिटांत लख्ख होते." दुसरा म्हणतो, "पाणी लावूच नये, पुसून घ्यावी." हा प्रश्न खिशाचा आहे, आणि हातापायांचाही आहे.

आपली धुण्याची सवय भारतातली. वाड्याच्या अंगणात किंवा सोसायटीच्या नळाखाली एक बादली, एक चिंधी आणि थोडे रॉकेल, एवढ्यावर स्कूटर चकचकीत व्हायची. त्या जुन्या बजाज चेतकला उघडी चेन नव्हती, डिस्क ब्रेक नव्हता आणि इलेक्ट्रॉनिक्स तर नव्हतेच. ब्रेक ड्रमच्या आत झाकलेले असत. त्यामुळे कसेही धुतले तरी फारसे बिघडत नसे. आजच्या मोटरसायकलमध्ये चाकाजवळ एबीएसचे सेन्सर असतात, टाकीखाली वायरिंगचे जोड असतात, आणि ब्रेकच्या डिस्क उघड्यावर असतात. गाडी बदलली, तेव्हा धुण्याची रीतही बदलायला हवी.

आधी प्रेशर वॉशरचे पाहू, कारण खरे नुकसान तिथेच होते. घरच्या नळाला दर चौरस इंचावर साधारण ४० ते ६० पौंड दाब असतो. विजेवर चालणाऱ्या घरगुती प्रेशर वॉशरचा दाब १५०० ते २००० पौंड, आणि पेट्रोलवर चालणाऱ्याचा ३००० पौंडांपर्यंत व त्याहूनही वर जातो. आता चाकाचे बेअरिंग डोळ्यांसमोर आणा. त्याच्या दोन्ही बाजूंना रबराची पातळ सील असते. आतले ग्रीस बाहेर येऊ नये आणि रस्त्यावरचे उडालेले पाणी आत जाऊ नये, एवढेच तिचे काम. समोरून येणारा हजार-दीड हजार पौंडांचा झोत अडवण्यासाठी ती बनवलेलीच नसते. तिची कड क्षणभर उचलली जाते आणि पाणी आत शिरते. गंमत अशी की आत गेलेले पाणी तीच सील बाहेर पडू देत नाही. ग्रीस पांढरट होते, पातळ होते, आणि गोळ्यांवर गंज चढतो. हँडलखालचे बेअरिंग, मागच्या स्विंगआर्मचा सांधा, सस्पेन्शनचे सांधे, या सगळ्यांची तीच कथा.

हे त्याच दिवशी दिसत नाही. चार-सहा महिन्यांनी चाकातून घरघर ऐकू येते, किंवा हँडल मध्यावर अडकल्यासारखे वाटते. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्या चुकांना सर्वांत जास्त घाबरतो त्या याच जातीच्या : कारण आज घडते आणि परिणाम पुढच्या हंगामात दिसतो, त्यामुळे दोघांची सांगड कोणी घालत नाही. बेअरिंग स्वतः फार महाग नसते, पण ते बदलण्याची मजुरी इथे तासावर मोजली जाते. म्हणून गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत धुण्याचे पान वाचा. बहुतेक कंपन्या जास्त दाबाच्या पाण्याविरुद्ध तिथे स्पष्ट इशारा देतात.

माणसालाही तो झोत धोक्याचा आहे. लाल रंगाची तोटी शून्य अंशाची, म्हणजे सुईसारखा झोत टाकणारी. तो बोटावर बसला तर वरून लहानसे छिद्र दिसते, पण पाणी आणि घाण कातडीच्या आत खोल शिरलेली असते. अशी जखम बँड-एड लावून घरी बसण्याची नव्हे, ताबडतोब इमर्जन्सीत जाण्याची आहे. वॉशर वापरायचाच असेल तर पांढरी, ४० अंशांची तोटी लावा, तीन-चार फुटांवर उभे राहा, आणि फक्त टायर, मडगार्डचा खालचा भाग व रंगाचे पत्रे एवढ्यांवरच मारा.

माझे मत विचाराल तर बादली आणि बागेची नळी. गाडी सावलीत लावा आणि फिरून आला असाल तर निदान अर्धा तास थंड होऊ द्या. तापलेल्या सायलेन्सरने पोटरी भाजते, आणि गरम पत्र्यावर साबण वाळून डाग पडतात. हिरवळीवर धुणार असाल तर साइड स्टँडखाली लाकडाची फळी ठेवा. ओल्या मातीत स्टँड हळूहळू रुततो, आणि दोनशे किलोची गाडी कलंडते तेव्हा ती हाताने सावरायला जाऊ नये. सायलेन्सरच्या तोंडात प्लास्टिकची पिशवी खोचा, आणि ती नंतर काढायची आठवण राहावी म्हणून किल्ली त्याच पिशवीच्या टोकाला बांधून ठेवा. मग हलक्या धारेने वरून खाली भिजवा. हँडलवरची बटणे, किल्लीचे भोक आणि हवा आत घेणारी तोंडे यांच्यावर थेट धार नको.

बादल्या दोन घ्या, एकीत शॅम्पूचे पाणी आणि दुसरीत साधे. फडका आधी साध्या पाण्यात पिळून मगच साबणात बुडवायचा, म्हणजे धुळीचे कण पुन्हा टाकीवर घासले जात नाहीत. चाकांसाठी फडका वेगळा. काचेवर चिकटलेले किडे खरवडू नका, ओला टॉवेल दहा मिनिटे टाकून ठेवा, आपोआप सुटतात. ती काच बहुधा प्लास्टिकची असते, म्हणून घरातला अमोनियावाला काच पुसायचा द्रव तिला वर्ज्य.

साबण मोटारीचा सौम्य शॅम्पूच वापरावा. भांड्यांच्या द्रवसाबणाने मेणाचा थर निघून जातो, आणि अशा कित्येक साबणांत घट्टपणा येण्यासाठी मीठ घातलेले असते. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ धुऊन काढायला आपण निघालो, तेव्हा नवे मीठ कशाला लावायचे? त्याहून गंभीर गोष्ट चाके उजळणाऱ्या आम्लयुक्त रसायनांची. त्यांतल्या काहींमध्ये हायड्रोफ्लुओरिक आम्ल किंवा त्याच्या जवळचे क्षार असतात. सौम्य प्रमाणात ते कातडीवर पडले तर लगेच आग होत नाही, तासाभराने किंवा त्याहून उशिरा होते, आणि तोवर ते आत झिरपलेले असते. वॉशिंग्टन राज्यात २००१ ते २०१३ या काळात अशा वाहन धुण्याच्या द्रवांनी भाजलेल्या ४८ कामगारांची नोंद सीडीसीने २०१५ साली प्रसिद्ध केली. बाटलीवरचे घटक वाचा, आणि हे नाव दिसले तर बाटली दुकानातच राहू द्या.

आता ब्रेक. मेण, पॉलिश, टायर काळे करणारा स्प्रे किंवा चेनचे तेल, यांतला एक थेंबही डिस्कवर किंवा टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावर जाता कामा नये. मोटारीला चार चाके असतात, एक घसरले तरी उरलेली सांभाळून घेतात. इथे तशी सोय नाही. स्प्रे मारायचाच असेल तर फडक्यावर मारून मग पुसावे. आणि धुतल्यानंतर पॅड ओले असतात, पहिला ब्रेक कमी लागतो. म्हणून रस्त्यावर पडण्यापूर्वी ड्राइव्हवेमध्ये चालण्याच्या वेगाने दोन-चारदा ब्रेक दाबून ते वाळवून घ्या. दसऱ्याला गाडीची पूजा करणाऱ्यांनीही एवढे सांभाळावे : हार थ्रॉटलमध्ये किंवा चाकात अडकेल असा बांधू नये, आणि हळदीकुंकवाचे बोट टाकीच्या मॅट रंगावर न लावता आरशाच्या मागे लावावे. मॅट रंगावर पॉलिश चालत नाही, त्यामुळे हळदीचा डाग घासून काढायचीही सोय नसते.

चेन साफ करताना इंजिन बंद, हे कुटुंबातल्या सर्वांना बजावून सांगा. गाडी स्टँडवर उचलून, गिअर टाकून, फिरत्या चेनवर फडका धरण्याची कल्पना सोपी वाटते, आणि त्यात बोटे जातात. फडका दात्यात ओढला जातो तेव्हा हात सोडायला वेळच मिळत नाही. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा, चाक हाताने फिरवा, रॉकेल आणि मऊ ब्रशने कडा पुसा. हल्लीच्या चेनमध्ये रबरी ओ-रिंग असतात. रॉकेल त्यांना सहसा चालते, पेट्रोल आणि झोत चालत नाहीत. पुसून कोरडी झाली की आतल्या बाजूने तेल द्या.

अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांना बहुधा पाणी वापरायची परवानगी नसते. नुसती धूळ असेल तर पाण्याविना धुण्याचा द्रव आणि चार-पाच स्वच्छ फडके पुरतात. चिखल किंवा मीठ असेल तर मात्र नको, ती सँडपेपरने घासल्यासारखी गत होते. तेव्हा नाणी टाकून चालवायच्या कार वॉशला जा, लांबून मारा, आणि तिथल्या ब्रशला हात लावू नका. त्यात आधीच्या ट्रकची वाळू असते. तिथले पाणी शुद्धीकरणाकडे जाते, हाही एक फायदा. घरासमोरच्या रस्त्यावरचे पाणी मात्र पावसाच्या गटारातून बहुतेक ठिकाणी तसेच ओढ्यात जाते. काही गावांत त्याला मनाईही आहे, म्हणून आपल्या टाउनशिपचा नियम पाहा आणि शक्यतो हिरवळीवर धुवा.

वाळवायला पाने उडवायचा लीफ ब्लोअर उत्तम, फटींतले पाणी त्यानेच निघते. मग इंजिन पाच-दहा मिनिटे चालू ठेवले की उरलेली ओलही जाते. पण ते बाहेर, मोकळ्या हवेत. थंडीच्या दिवसांत गराजचे दार अर्धे उघडे ठेवून 'एवढ्याने काय होते' म्हणू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि इथल्या घरांचे गराज बहुधा स्वयंपाकघराला किंवा वरच्या बेडरूमला लागून असते. दार उघडे असूनही तो वायू घरात शिरतो. गाडी ढकलत ड्राइव्हवेवर न्या आणि मगच स्टार्टर दाबा.