पथ्यगृह, औषधी दुकान आणि अन्न सुरक्षा अधिकारी

आयुर्वेदिक औषधांच्या विक्रीस औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० खाली विक्री परवाना लागत नाही, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्यावरून असा समज रूढ झाला आहे की, अन्न व औषध प्रशासनाच्या अधिकाऱ्यास आपल्या दुकानी येण्याचे कारणच नाही. हा समज निम्माच खरा आहे. आसव-अरिष्टांच्या शेजारच्या फळीवर मध, साजूक तूप, आवळा कँडी ठेवलेली असते. वेष्टनावर आयुर्वेदिक औषध निर्मितीचा परवाना क्रमांक असेल तर ते औषध. १४ अंकी अन्न परवाना क्रमांक असेल तर ते अन्न. अन्न विकणाऱ्यास अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ प्रमाणे नोंदणी किंवा परवाना घ्यावाच लागतो. हा कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून अंमलात आला.

पंचकर्म केंद्रातील पथ्यगृहाचेही तसेच. ‘आम्ही पेया विकत नाही, रुग्णास देतो’ असे म्हणून सुटका होत नाही; अन्न व्यवसायाच्या व्याख्येत नफ्याची अट नाही.

नवी मुंबईत आणखी एक घोटाळा होतो. अनेकांस महापालिकेचा व्यवसाय परवाना पुरेसा वाटतो. प्रत्यक्षात अन्नाची तपासणी प्रशासनाचा अन्न सुरक्षा अधिकारी करतो. ऐरोली ते बेलापूर हा भाग ठाणे जिल्ह्यात, तर खारघर, कामोठे, कळंबोली रायगडात येतात. म्हणून वाशीच्या वैद्याने ठाणे कार्यालयाकडे आणि खारघरच्या वैद्याने पेण कार्यालयाकडे पाहावे.

२०११ च्या परवाना व नोंदणी विनियमांतील अनुसूची ४ मध्ये स्वच्छतेच्या अटी आहेत. पिण्यायोग्य पाणी, अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी, आंत्रिक रोगांविरुद्ध लसीकरण व त्याची नोंद, या त्यांतील प्रमुख होत. आपणांस हे परके वाटू नये. सुश्रुताचार्यांनी कल्पस्थानाच्या पहिल्याच अध्यायात महानस शुद्ध, प्रशस्त व जाळीच्या गवाक्षांचे असावे, सेवकांनी केस-नखे कापलेली असावीत असे सांगितले असून त्यावर देखरेख वैद्याकडे सोपविली आहे.

मात्र एका अटीकडे आपले दुर्लक्ष होते. गरम वाढावयाचे अन्न किमान ६० अंश सेल्सिअसवर राखावे लागते. संसर्जन क्रमात प्रवर शुद्धीनंतर सात दिवस, मध्यम शुद्धीनंतर पाच व अवर शुद्धीनंतर तीन दिवस पेया-विलेपी आदी क्रम चालतो. मनुष्यबळ अपुरे असले की सकाळी एकदाच पेया शिजवून ती सायंकाळपर्यंत कोमट ठेवली जाते. तांदळातील बॅसिलस सेरियस जिवाणूचे बीजाणू शिजविण्यानेही नष्ट होत नाहीत. कोमट भातात ते वाढतात आणि त्यांपासून होणारे वांतिकारक विष पुन्हा उकळूनही जात नाही. शोधनाने अग्नी मंद झालेल्या रुग्णास उलट्या झाल्या म्हणजे आपण वमनाचे व्यापद शोधू लागतो. दोष पातेल्यात असतो. पेया प्रत्येक अन्नकाळी ताजी करावी, हाच सरळ उपाय.

तपासणीत त्रुटी आढळल्यास कलम ३२ खाली सुधारणा नोटीस मिळते. तीत पूर्ततेसाठी किमान चौदा दिवसांची मुदत द्यावी लागते. पूर्तता न झाल्यास परवाना निलंबित होऊ शकतो. अस्वच्छ स्थितीत अन्न तयार केल्यास कलम ५६ प्रमाणे एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. नमुना घेतल्यास त्याचे चार भाग होतात. चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठविण्याची मागणी आपण करू शकतो. हा हक्क फारसे कोणी वापरत नाही.

औषधी दुकानदारांसाठी एक सूचना. तुर्भ्याच्या मसाला बाजारातून सुटा माल बिलाविना घेण्याची सवय सोडावी. माल कोणाकडून घेतला हे सांगता आले नाही, तर भेसळीचे उत्तरदायित्व कलम २७ प्रमाणे विक्रेत्यावर येते. पुरवठादाराच्या बिलावर त्याचा अन्न परवाना क्रमांक आहे ना, हे माल उतरवून घेतानाच पाहावे व ती बिले वेगळ्या धारिकेत लावावीत.