इंजिन जपावं की चालवावं?

मंडळी, आजचा प्रश्न वरवर पाहता यंत्रशाळेतला वाटेल. इतिहासात ज्याची नोंद आहे असं एक जुनं वाहन आपल्या ताब्यात आलं आहे. पत्रा गंजलाय, रंग उडालाय, काही भाग मधल्या काळात कुणीतरी बदललेले आहेत. ते आहे तसं राखायचं, की दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर किंवा रुळावर आणायचं? पहिल्याला जतन म्हणू, दुसऱ्याला जीर्णोद्धार.

जीर्णोद्धार हा शब्द मुद्दाम घेतला. तो आपल्या ओळखीचा आहे तो देवळांमुळे. देऊळ नांदतं असतं, तिथे रोज पूजा व्हायची असते, म्हणून गळकं छप्पर बदलायचं आणि खचलेली भिंत नव्याने बांधायची. भंगलेली मूर्ती आपण पूजेत ठेवत नाही, तिचं विसर्जन करतो. त्यामुळे जुनी वस्तू हाती आली की आपला हात आधी रंगाच्या डब्याकडे जातो! संग्रहालयवाल्यांचा विचार वेगळा. त्यांच्या लेखी वस्तू ही साक्षीदार असते, आणि साक्षीदाराला न्हाऊमाखू घालून नवे कपडे चढवले म्हणून त्याची साक्ष जास्त खरी होत नाही.

इथे तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी लगेच विचारतात, सगळे भाग बदलले तर गाडी ‘तीच’ राहते का? ग्रीकांकडे हे कोडं थिसियसच्या जहाजावरून घालतात. आपल्याकडे ‘मिलिंदपञ्ह’ आहे. रथातून आलेल्या मिलिंद राजाला नागसेन विचारतो, आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो, आणि शेवटी कबूल करतो की या सगळ्या भागांच्या आधाराने ‘रथ’ हे नाव चालतं, एवढंच. नागसेनाचं म्हणणं मला पटतं, आणि म्हणूनच ‘तीच का?’ या प्रश्नावर मी फार वेळ घालवत नाही. नाव टिकवणं सोपं असतं. जुना भाग काढून टाकला की त्याच्याबरोबर पुरावा जातो, हे खरं दुखणं.

पुरावा म्हणजे काय, ते पाहू. स्टीफन्सन यांचं ‘रॉकेट’ हे इंजिन 1829 साली इंग्लंडमध्ये रेनहिलच्या चाचण्यांत जिंकलं. तेव्हा ते पिवळं होतं आणि त्याचे सिलिंडर चांगलेच तिरपे बसवलेले होते. थोड्याच काळात ते खाली, जवळजवळ आडवे केले गेले. पुढच्या बाजूला धुराची पेटी आली. 1862 मध्ये ते लंडनच्या संग्रहालयात दाखल झालं ते असं बदललेलं, काळवंडलेलं आणि बरेच भाग हरवलेलं. आता कुणी म्हणालं असतं, याला पुन्हा 1829 सारखं पिवळंधमक करा. तसं झालं असतं तर चित्र देखणं दिसलं असतं, पण पहिल्या काही वर्षांत इंजिनाची रचना किती झपाट्याने सुधारत गेली याची धातूत उमटलेली नोंद पुसली गेली असती. 1999 मध्ये मायकल बेली आणि जॉन ग्लिथेरो यांनी या इंजिनाचे भाग खोलून बारकाईने अभ्यास केला. त्यांना वाचायला काहीतरी उरलं होतं, कारण आधीच्या लोकांनी हात आवरला होता. आणि चालतं ‘रॉकेट’ पाहायची हौस? त्यासाठी 1979 साली वेगळी प्रतिकृती बनवली. ती खुशाल धावते.

आता आपल्या ‘फेअरी क्वीन’कडे येऊ. लीड्समध्ये 1855 साली बांधलेलं, ईस्ट इंडियन रेल्वेचं 22 क्रमांकाचं इंजिन. 1909 मध्ये निवृत्त झालं, मग कित्येक दशकं नुसतं उभं. 1997 मध्ये ते पुन्हा सुरू करून दिल्ली-अलवर मार्गावर पर्यटकांसाठी चालवलं आणि पुढे गिनेस बुकात त्याची नोंद झाली. अभिमान वाटावा असंच काम. पण वाफेचं इंजिन चालवायचं म्हणजे बॉयलर दाबाला टिकला पाहिजे. पातळ झालेला पत्रा, कुजलेल्या नळ्या ठेवून भागत नाही. प्रवासी बसवायचे तर सुरक्षिततेत तडजोड नाही. शिवाय चालणारं यंत्र रोज झिजतं. म्हणजे जीर्णोद्धार एकदा करून संपत नाही.

तरीही दुसरी बाजू मला हलकी वाटत नाही. आग किती पेटवावी, पाणी कधी घ्यावं, वाफेचा आवाज बदलला की काय समजावं, हे ज्ञान पुस्तकात अर्धंच उतरतं. ते चालक आणि फायरमनच्या हातात असतं. एकही इंजिन चालत नसेल तर ते हात एका पिढीत संपतात. धातू जपला आणि कसब गेलं, तर तेही नुकसानच.

मग कौल कुणाला द्यायचा? माझा झुकता कौल जतनाला आहे, आणि कारण साधं आहे. आज जपलेलं वाहन उद्या दुरुस्त करता येतं. आज घासून रंगवलेलं उद्या न-घासलेलं करता येत नाही. एकमेव नग असेल आणि त्याच्यावर कामाच्या काळातल्या खुणा असतील, तर त्याला हात लावू नये. ज्याचे भाग आधीच गेलेत, किंवा ज्याची भावंडं शिल्लक आहेत, ते चालवावं. तेही आधी मोजमापं आणि छायाचित्रं घेऊन, आणि काढलेला प्रत्येक तुकडा चिठ्ठी लावून जपून. भंगारवाल्याला देऊन नव्हे.

‘फेअरी क्वीन’ला असं भावंड होतंच. त्याच कारखान्याचं, त्याच वर्षाचं, 21 क्रमांकाचं ‘एक्सप्रेस’. एक चाललं असतं, एक आहे तसं राहिलं असतं. ‘एक्सप्रेस’चे बरेच भाग गेलेले होते हे खरं, पण उरलेलं तरी तसंच ठेवता आलं असतं. 2010 मध्ये पेरांबूरच्या कारखान्यात बरेच भाग नव्याने घडवून तेही सुरू केलं. आज दोन्ही चालवण्याजोगी केलेली आहेत.