एक जहाज मका आणि केडगावचं दळण

वाळूजच्या कंपन्यांत जेवणाच्या सुट्टीत कँटीनकडे वळणारी रांग ज्यांनी पाहिलीय, त्यांना हजार-दीड हजार माणसांचा स्वयंपाक म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. तरी तिथे गॅस आहे, कणीक मळायला यंत्र आहे आणि पीठ पोत्यातून येतं. हेच काम चुलीवर आणि जात्यावर करायचं, तेही दुष्काळात, असं धरून पुढचे आकडे वाचा.

1900 साली वाळूज निजामाच्या राज्यात होतं. नगर रस्त्याने जाऊन कायगाव टोक्याला गोदावरी ओलांडली की इंग्रजी मुलूख सुरू व्हायचा. आदल्या वर्षीचा पाऊस मात्र नदीच्या दोन्ही काठांवर सारखाच रुसला होता. 1900च्या जुलैत हिंदुस्थानभर सरकारी मदतीवर जगणाऱ्यांचा आकडा 60 लाखांवर गेला.

तिकडे न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या साप्ताहिकाने, म्हणजे त्याचे मालक लुई क्लॉप्श यांनी, वाचकांपुढे झोळी पसरली. लोकांनी पैसे दिले, मका दिला. अमेरिकन सरकारने जहाजाचं भाडं भरलं आणि मे 1900 मध्ये ‘क्विटो’ नावाची आगबोट 2 लाख बुशेल मका घेऊन मुंबईकडे निघाली. मक्याचं एक बुशेल 56 पौंडांचं. म्हणजे सगळा माल 5,080 टनांच्या आसपास. आजच्या 16 टनी ट्रकांत भरला, तर 318 ट्रक लागतील आणि ते नगर रस्त्यावर एकमेकांना खेटून उभे केले, तर तीन किलोमीटरची रांग होईल.

आता तो वाटून बघू. माणशी रोज अर्धा किलो धरला, तर एका माणसाचं एका दिवसाचं पोट, अशी 1 कोटी पोटं त्यात भरतात. आकडा डोळे दिपवणारा खरा, पण समोर 60 लाख माणसं बसली आहेत. तीन किलोमीटरची ती अख्खी रांग पावणेदोन दिवसही पुरत नाही!

म्हणून काय जहाज पाठवायचं नव्हतं? मदत एखाद्या गावात, एखाद्या पंगतीत पोचते, तेव्हा तिचा हिशेब वेगळाच होतो. नगरच्या अमेरिकन मराठी मिशनचे रॉबर्ट ह्यूम यांनी या दुष्काळात मदतवाटपाचा मोठा भार उचलला. 1901 साली सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिलं. मात्र माझं मन जास्त रेंगाळतं ते दौंड तालुक्यातल्या केडगावात, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये.

रमाबाईंना दुष्काळ पुस्तकातून कळलेला नव्हता. 1870च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण गेली. त्या आणि भाऊ श्रीनिवास उपाशीतापाशी पायी देशभर हिंडले. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे 300 मुली-बायका घेऊन परतल्या. तीनच वर्षांत पुन्हा दुष्काळ, पुन्हा तेच. 1900 सालात मुक्तीतली माणसं दीड हजारांवर गेली.

पुढचा हिशेब माझा, पण दळण कुणालाच चुकवता येत नाही. दीड हजार पोटांना रोज साडेसातशे किलो पीठ. सराईत बाई जात्यावर तासाला चारेक किलो दळते असं धरलं, तरी पंचवीस जाती साडेसात तास फिरायला हवीत. अर्ध्या किलोत चार भाकऱ्या, म्हणजे दिवसाला 6,000. एका भाकरीला थापून, टाकून, पाणी फिरवून, उलटून, फुगवून दोन मिनिटं दिली, तर वीस चुली रोज दहा तास पेटत्या ठेवायच्या. कालवणाचं, पाण्याचं, सरपणाचं मी अजून काढलेलंच नाही.

‘क्विटो’तला मका एकट्या मुक्तीला मिळाला असता (मिळाला नव्हता) आणि किडला नसता, तर किती पुरला असता? साडेअठरा वर्षं.

दुष्काळ वर्षा-दोन वर्षांत हटतो. आणलेली बारा वर्षांची पोर वीस वर्षांची होईपर्यंत घरातच असते. पहिल्या 300 जणींना आठ वर्षं सांभाळायचं म्हटलं, तरी पावणेनऊ लाख दिवस झाले. त्यात कपडालत्ता, दुखणीखुपणी, शाळा. म्हणून तिथे शेती होती, गुरं होती, माग होते, छापखाना होता, आणि हे सगळं चालवणारे हात त्याच मुलींचे. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतरही याच छापखान्यातलं.

या सेवेमागे धर्मांतराचा हेतू आहे, हा आरोप तेव्हाही झाला आणि आजही होतो. 1893 मध्ये रमाबाईंनी विधवांसाठी काढलेल्या शारदा सदन या शाळेवरून वाद पेटला, तेव्हा रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. भुकेल्यापुढे ताटासोबत धर्मही ठेवावा का, हा प्रश्न रास्तच आहे. पण तो विचारणाऱ्यांपैकी कितीजणांनी त्या पोरींसाठी ताटं मांडली, हेही विचारायला हवं.

5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. लेक मनोरमा आदल्याच वर्षी गेली होती. बायबल 1924 साली छापून पूर्ण झालं. केडगावचं मुक्ती मिशन आजही निराधार मुली-बायकांना सांभाळतं.