सुरू झाले, पण सज्ज झाले का?

दुकानाचे शटर वर गेले की दुकान उघडले, असे गिऱ्हाईक धरून चालते. आत माल लावायचा राहिला असेल किंवा गल्ल्याची किल्लीच आली नसेल, तर पहिले गिऱ्हाईक ताटकळते, नाहीतर हात हलवत परत जाते. मोठ्या सॉफ्टवेअरमध्येही नेमके हेच घडते.

अशी अनेक सॉफ्टवेअर लहान-लहान घटकांची बनलेली असतात. काही प्रणालींत काम चालू असतानाच एखादा घटक जोडता, बदलता किंवा काढता येतो. जावा भाषेतील ‘ओएसजीआय’ हे त्याचे ठळक उदाहरण. १९९९ मध्ये घरगुती उपकरणांच्या जाळ्यासाठी या मानकाचे काम सुरू झाले. २००४ मध्ये ‘एक्लिप्स ३.०’ हे प्रोग्रामरांचे साधन त्याच पायावर उभे राहिले. यात प्रत्येक घटक आपली सेवा एका सामायिक नोंदवहीत नोंदवतो आणि गरजू घटक तेथून ती घेतात.

अडचण येते ती सावकाश तयार होणाऱ्या घटकांची. डेटाबेसशी जोडणी करणे, दूरच्या सर्व्हरकडून माहिती आणणे यांना कधी एक सेकंद लागतो, तर कधी एक मिनिट. हे काम सुरुवातीच्या आज्ञेतच उरकायचे ठरवले, तर ती आज्ञा देणारा खोळंबतो आणि त्याच्यामागे इतरांची रांग लागते. काम मागे ठेवून सेवा आधीच नोंदवली, तर अर्धवट तयारीच्या घटकाकडे मागणी येते आणि चूक होते. ‘दहा सेकंद थांबा’ हा तोडगा तर त्याहून फसवा. प्रोग्रामरच्या वेगवान संगणकावर तो चालतो. ग्राहकाकडच्या संथ जाळ्यावर कोसळतो.

यावरचा उपाय साधा आहे : घटकाने सुरुवात होताच लांबणारे काम पार्श्वभूमीवर सोपवून लगेच मोकळे व्हावे, मात्र सेवेची नोंद तयारी पूर्ण झाल्यावरच करावी. २००५ च्या चौथ्या आवृत्तीत आलेल्या ‘डिक्लेरेटिव्ह सर्व्हिसेस’मुळे दुसरी बाजू सोपी झाली. ‘मला अमुक सेवा हवीच’ असे जाहीर करणारा घटक ती नोंद होईपर्यंत सुरूच होत नाही. नोंद झाली की तो आपोआप जागा होतो. कोणी कोणाआधी सुरू व्हावे, याचा हिशेब माणसाला ठेवावा लागत नाही.

दोन पथ्ये मात्र पाळावीच लागतात. पहिले, तयारी चालू असतानाच घटक काढून टाकला गेला, तर मागे चाललेले काम थांबवले पाहिजे. अन्यथा मालक निघून गेलेल्या सेवेची नोंद मागाहून होते. दुसरे, तयारी फसली तर ते स्पष्टपणे नोंदवून ठरावीक अंतराने पुन्हा प्रयत्न करावा. तसे न केल्यास अवलंबून असलेले सारे घटक निमूटपणे वाट पाहत राहतात, कुठेही चूक दिसत नाही आणि प्रणाली मात्र बंद पडलेली असते. अशा निःशब्द बिघाडाचा शोध घेण्यातच सर्वाधिक वेळ जातो.

थोडक्यात, उशीर होणे हा दोष नव्हे. तयार नसताना ‘तयार आहे’ असे सांगणे, हा दोष आहे.